जायला नऊ तास, यायला एकतीस

…आणि वर मलाच म्हणतात, ‘एसेनगुल आके, तुम्ही प्रश्न फार विचारता!’ आके म्हणायचं, थोरल्याचा मान द्यायचा, आणि वर हे! फार? अहो, एकच विचारला होता! एक! लांब म्हणजे किती लांब? बस, एवढंच! त्यासाठी अख्ख्या गावानं मला वेडा ठरवलं… बसा, बसा, इथंच भिंतीला टेकून बसा, आत नका जाऊ, आत पाय ठेवायला जागा नाही. का नाही ते शेवटी सांगतो, आत्ता सांगितलं तर माझं डोकं फिरेल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

तर काय सांगत होतो? अंतर! तुम्हाला सांगतो, मी शाळेत गेलो चार हिवाळे. तेही शाळेत शेगडी होती म्हणून. बाकी सगळा जन्म घोड्यांच्या मागं गेला. पण अंतर मला विचारा! आमची तीन मापं. शिंगरू एका दमात पळेल तेवढं, घोडा एका दमात पळेल तेवढं, आणि सगळं बिऱ्हाड उंटावर लादून एका दिवसात हलेल तेवढं. चौथं माप मला कधी लागलंच नाही. खिंडीपलीकडचं कुरण किती? दीड बिऱ्हाड. सासुरवाडी किती? दोन घोडे. आणि बायको रागात असली तर तीन. झोपेतून उठवून विचारा, सांगतो!

आणि अशा माणसाला आमच्या गावच्या त्या तुर्गुननं भर पंगतीत नागवलं हो! त्याच्या नातवाचं बारसं होतं. मांस झालं, रस्सा झाला, चहा आला. आता हा तुर्गुन म्हणजे कसा, चहा आला की फुगतो. मिशीवरून हात फिरवत म्हणतो कसा, ‘माझा मुलगा मॉस्कोहून आला बरं का. चार तासांत! सकाळी तिथं न्याहारी केली, दुपारी आईच्या हातचं खाल्लं. तुझी बुरुल कधी येते रे, एसेनगुल?’

बुरुल म्हणजे माझी मुलगी. एकुलती. शिकागोला असते, अमेरिकेत. सात वर्षं झाली जाऊन. पाच वर्षांपूर्वी तिथंच लग्न केलं, आपल्याच एका पोराशी, तलासकडचा आहे, तिथं ट्रक चालवतो. तीन वर्षांची नात आहे मला. ती पाहिली कुठं, तर फोनच्या काचेत, तीही अर्धी, कारण फोन नेहमी तिच्या कपाळावर धरलेला असतो. मला नातीचं कपाळ पाठ आहे! हनुवटी कशी आहे ते अजून ठाऊक नाही.

तर मी म्हटलं, ‘लांब आहे बाबा ते.’ म्हटलं आणि चहा प्यायलो. विषय संपायला हवा होता की नाही? पण तुर्गुन! ‘लांब म्हणजे किती लांब?’

आणि तुम्हाला सांगतो… पंगतीतले चाळीस लोक माझ्याकडं बघतायत. या डोंगरातल्या प्रत्येक दगडाचं अंतर ठाऊक असलेला मी, आणि माझी स्वतःची पोर कुठल्या मापानं किती लांब आहे, हेच मला ठाऊक नाही! सात वर्षं ‘लांब आहे, लांब आहे’ म्हणतोय, आणि कधी मोजलंच नाही!

खरं सांगू? मला मोजायचंच नव्हतं. ‘लांब’ हा शब्द फार सोयीचा असतो हो. पोर का येत नाही? लांब आहे. संपलं! दोष अंतराचा. अंतर काही उलटून बोलत नाही.

पण आता प्रश्न पडला ना! किडा शिरला डोक्यात. रात्री कूस बदलू तर लांब म्हणजे किती लांब, सकाळी घोडीचं दूध काढू तर लांब म्हणजे किती लांब… घोडीनं लाथ मारली शेवटी. तिसऱ्या दिवशी उठलो, वडापच्या गाडीत बसलो आणि नारिन शहर गाठलं. तिथं बाजारामागं एक विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. आत झिपार नावाची बाई, समोर संगणक, नखं अशी लालभडक आणि लांब, की मला आधी वाटलं काही कापताना लागलं हिला.

मी म्हटलं, ‘पोरी, बिश्केकच्या विमानतळापासून शिकागो किती लांब?’

ती म्हणते, मान वर न करता, ‘कधी जायचंय आके?’

‘मला कुठं जायचंय? मी लांब किती ते विचारतोय.’

‘एकेरी की जाऊन-येऊन?’

‘अगं, अंतराला एकेरी-दुहेरी असतं का? जेवढं जायला तेवढं यायला!’

तेव्हा तिनं मान वर केली. ‘आके, आम्ही अंतर विकत नाही. तिकीट विकतो.’

आता बोला! मैलाच्या गोष्टी विकायला बसलेत आणि मैल ठाऊक नाहीत! मेंढ्या विकणाऱ्याला मेंढी म्हणजे काय ते ठाऊक नको? पण पोरगी मनानं बरी होती. तिला दया आली असावी, किंवा माझ्या मागं रांग वाढली असावी. तिनं टकटक केलं, एक कागद छापला, घडी घातली, हातात दिली. ‘हे घ्या. यात निघायची वेळ आहे, पोहोचायची वेळ आहे. वजाबाकी करा.’

वजाबाकी मला येते. बेरीज-वजाबाकी मला दुसऱ्या हिवाळ्यात शिकवली होती. गाडीत बसलो, कागद उघडला. बिश्केक, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. मध्ये इस्तंबुल, तिथं विमान बदलायचं. शिकागो, संध्याकाळी पाच. तारीख तीच! बोटांवर मोजलं. परत मोजलं. शेजारच्या बाईच्या बोटांवरही मोजलं. नऊ तास! त्यातही पाच मिनिटं कमी!

नऊ तास!! अहो, नऊ तासांत मी उन्हाळी कुरणावर पोहोचत नाही! आमच्या खिंडीत बर्फ असेल तर नऊ तासांत ट्रक सुद्धा बाहेर पडत नाही! आणि माझी पोर नऊ तासांवर बसलीय आणि सात वर्षं येत नाही? हे लांब म्हणायचं? हे तर शेजारी झालं!

तुम्हाला सांगतो, राग आला असता तर बरं होतं. राग नाही आला. भीती वाटली. कारण अंतर नाही म्हटल्यावर मग कारण काय?

घरी गेलो, कागद म्हातारीपुढं आपटला. म्हातारी म्हणजे सालकिन, माझी बायको, पन्नास वर्षं मला सहन करतेय असं ती सांगते. म्हटलं, ‘बघ! नऊ तास! तुझी लाडकी!’

ती कणीक मळत होती. हात तसेच पिठाचे, कागद उचलला, उलटा केला आणि म्हणाली, ‘ए म्हाताऱ्या, मागं पण लिहिलंय की.’

मागं परतीच्या वेळा! शिकागोहून निघायचं शुक्रवारी रात्री नऊला. बिश्केकला पोहोचायचं… रविवारी! पहाटे चारला! मी मोजलं. शुक्रवारचे तीन, शनिवारचे चोवीस, रविवारचे चार. एकतीस! जायला नऊ तास, यायला एकतीस!

अहो, माझ्या जिवात जीव आला! मी तिथल्या तिथं सालकिनच्या पिठाच्या हाताचा मुका घेतला असता, पण ती मारते. म्हटलं, ‘म्हातारे, कळलं का? चढ आहे चढ! जायला उतार आहे, यायला चढ आहे! पोर बिचारी उतारावरून घरंगळत गेली, आता वर कशी येणार? लेकराला घेऊन? एकतीस तास?’

त्यात चूक काय सांगा ना! आमच्या गावातून खाली आत-बाशीच्या बाजाराला उतरायला घोडा एक वेळ घेतो आणि वर यायला तीनदा तेवढा घेतो. हे कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. डोंगरात अंतर एक आणि वेळा दोन असतात. मग आभाळात का नसणार? आम्ही उंच राहतो, अमेरिका खाली असेल! झालं, मी चार दिवस अख्ख्या गावात सांगत फिरलो. मशिदीपुढं सांगितलं, दुकानात सांगितलं, तुर्गुनच्या दारात उभं राहून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, ‘मॉस्को सपाटीला आहे रे तुझं! माझ्या पोरीला चढ आहे! एकतीस तासांचा!’ तुर्गुननं दार लावून घेतलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू…

पण सुख कुणाला बघवतं? साद्यर मास्तर! आमच्या शाळेत भूगोल शिकवायचा, आता शिकवत नाही पण सवय गेली नाही. माझ्याबरोबर त्याच शेगडीपाशी बसायचा, तो मास्तर झाला आणि मी मी झालो. वाटेत अडवलं मला. ‘एसेनगुल, तू चढ-चढ काय ओरडत फिरतोस? घरी ये.’

गेलो. त्यानं कपाटावरून पृथ्वीचा गोळा काढला. जुना, एका बाजूनं पोचा आलेला, त्यावर आपण मॉस्कोसकट अजून सगळे एकाच लाल रंगात आहोत. दिवा लावला, गोळ्यापुढं धरला. म्हणतो, ‘इथं आपला दिवस, तेव्हा तिथं रात्र. शिकागोचं घड्याळ आपल्यामागं अकरा तास. कागदावर जी वेळ छापतात ती ज्या त्या गावच्या घड्याळाची. समजलं? नवात अकरा मिळव.’

‘वीस.’

‘एकतीसातून अकरा काढ.’

‘…वीस.’

‘कुठाय चढ?’

मी गोळा एकदा फिरवून पाहिला. मग म्हटलं, ‘थांब. म्हणजे जाणाऱ्याला अकरा तास फुकट मिळतात?’

‘मिळतात म्हण हवं तर.’

‘आणि परत येताना काढून घेतात?’

‘हो.’

‘आणि जो परत येतच नाही, त्याच्याकडं ते राहतात?’

मास्तरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, ‘चाळीस वर्षं शिकवलं, हे कुणी विचारलं नव्हतं.’ बघा! आणि म्हणतात मी प्रश्न फार विचारतो! म्हणजे माझ्या बुरुलकडं अकरा तास आहेत. सात वर्षं झाली तिच्याकडंच आहेत. घेऊन बसलीय.

पण मूळ प्रश्न तसाच ना? तास-तास काय करता, लांब म्हणजे किती लांब? मी मास्तरला म्हटलं, ‘मला तास नकोत, मला रस्ता दाखव.’ त्यानं बायकोच्या विणकामातला लोकरीचा धागा तोडला. म्हणाला, ‘एक टोक बिश्केकवर धर, दुसरं शिकागोवर, आणि ताण. धागा जिथून जाईल तो सगळ्यांत जवळचा रस्ता.’ मला वाटलं, धागा पश्चिमेला जाणार, तुर्कस्तानावरून, समुद्रावरून. ताणला… आणि धागा सरळ वर चढला! वर! उत्तरेला, सैबेरियावरून, बर्फावरून, थेट पृथ्वीच्या टाळूवर! गोळ्याच्या डोक्यावर तो स्क्रू असतो ना, त्याला घासून पलीकडं उतरला! मी धागा सोडला, परत ताणला, परत तिथंच! अहो, मी सात वर्षं पोरीची आठवण आली की पश्चिमेला तोंड करून उभा राहायचो, आणि पोर माझ्या उत्तरेला! घराच्या मागं! संडासाच्या बाजूला!

मास्तरानं धागा पट्टीवर धरला, कागदावर गुणाकार केले. ‘दहा हजार चारशे किलोमीटर.’ मी लगेच घोड्यात केलं. दिवसाला पन्नास धरले तर दोनशे आठ दिवस. सात महिने! ‘पण,’ मास्तर म्हणतो, ‘विमान या रस्त्यानं जात नाही. इस्तंबुलवरून जातं. साडेबारा हजार पडतात.’ दोन हजार शंभरचा वळसा! चाळीस दिवसांचा घोडा! अहो, मेंढीसुद्धा असा वळसा घेत नाही, आणि मेंढीला अक्कल नाही असं आपण म्हणतो!

तरी मी आत कुठंतरी खूश होतो. म्हटलं, वीस तर वीस. दहा हजार म्हणजे लांबच की. इज्जत राहिली. उठलोच होतो, आणि मास्तर मागून म्हणतो, ‘आणि एसेनगुल, चढ आहे खरा, पण उलटा आहे.’

‘म्हणजे?’

‘येताना इस्तंबुलला बसून जास्त राहावं लागतं, म्हणून वीस भरतात. नुसतं उडणं मोजलंस तर जाताना सतरा तास आणि येताना सव्वापंधरा. वर उंचावर वारा बारा महिने पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो. जाताना तोंडावर, येताना पाठीवर.’

आता हे मला कुणी शिकवायला नको होतं! आमच्याकडं ढग कुठून येतात? पश्चिमेकडून. बर्फ कुठून? पश्चिमेकडून. मी तळ्याकाठी घोडा हाकलाय, वारा तोंडावर असला की घोडा मान खाली घालतो, पाठीवर असला की नुसता तरंगतो. म्हणजे बुरुलला घरी यायला वारा ढकलतोय. सात वर्षं ढकलतोय. यायलाच उतार आहे! आणि तरी…

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. सालकिन म्हणाली, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘सगळं मोजलं. अंतराचा काही दोष नाही.’ ती म्हणाली, ‘म्हाताऱ्या, महिनाभर तिकीटवालीला विचारलंस, मास्तरला विचारलंस, गोळ्याला विचारलंस. तिला एकदा विचार ना.’ आणि फोन लावून माझ्या तोंडापुढं धरला!

आता माझं आणि पोरीचं फोनवर बोलणं म्हणजे काय, तर ‘बरी आहेस? जनावरं बरी आहेत. घे, आईशी बोल.’ संपलं. पण त्या दिवशी आई फोन घेईना. मी म्हटलं, ‘बुरुल… तिकडून इकडं यायला वेळ कमी लागतो. ठाऊक आहे का?’

‘ठाऊक आहे बाबा. एक तास पंचेचाळीस मिनिटं कमी.’

मिनिटांसकट! म्हटलं, ‘तुला कसं ठाऊक?’

‘दर रविवारी तिकिटं बघते मी. पाच वर्षं झाली.’

‘मग येत का नाहीस?’

ती अगदी हळू म्हणाली, ‘बाबा, बोलावणं कुठं आलंय?’

अहो…

आमच्याकडं लग्न होऊन गेलेली पोर माहेरच्या बोलावण्याशिवाय उंबरा चढत नाही. बापानं निरोप धाडायचा, जावयाला, विहिणीला, सगळ्यांना मानानं बोलवायचं, जनावर कापायचं, मग तिचं येणं-जाणं सुरू. ही रीत. मी धाडलं नव्हतं. तिनं लग्न आधी केलं आणि फोन मागून केला, याचा मला राग होता. तिच्या सासरची माणसं राग शांत करायला आली होती तलासहून, रीतीप्रमाणं मेंढी घेऊन. मी मेंढी खाल्ली. राग मात्र तसाच ठेवला. आणि मग मला वाटलं, अमेरिकेत राहणाऱ्यांना कसली रीत आणि कसलं बोलावणं, तिथं सगळं वेगळंच असेल… मी विसरूनच गेलो हो. अंतर मोजत बसलो!

आणि तिला ही रीत शिकवली कुणी? मीच! माझी धाकटी बहीण लग्नानंतर एकदा न बोलावता आली होती, आठवण आली म्हणून. मी दारातूनच तिचा घोडा वळवला होता. लगाम धरून. बुरुल तेव्हा सात वर्षांची, माझ्या शेजारी उभी होती. तिला काय वाटलं असेल? की बापाच्या दारातून घोडा वळतो… तर विमान नाही का वळणार?

मी फोनमध्ये ओरडलो, हळू बोलायची सवयच नाही, ‘ये! ऐकलंस का? ये! नवऱ्याला आण, पोरीला आण, सासूला सांग एसेनगुलनं बोलावलंय! मेंढी कापतो!’

मागून सालकिन, ‘मेंढी? बोलावण्याला घोडी कापतात, कंजूष म्हाताऱ्या!’

‘घोडी कापतो!’ म्हटलं. फोनमध्ये पोर रडत होती की हसत होती, कळलं नाही. कपाळच दिसत होतं. तिचंही.

तर निघाली! आज सकाळी आपल्या आठला, तिच्या काल रात्री नऊला. उद्या पहाटे चारला बिश्केक. मी सकाळपासून घरामागं उभा राहून उत्तरेला बघत होतो. मग मास्तर आला, म्हणाला, ‘अरे वेड्या, ती इस्तंबुलवरून येतेय, पश्चिमेला बघ.’ म्हणून इथं आलोय. वारा बघितलात ना? पश्चिमेचाच आहे. थांबलेला नाही.

काय? हां, आत का जाऊ दिलं नाही ते! सांगतो. बोलावणं धाडलं ना, मानानं, तलासला, विहिणीला आणि तिच्या माणसांना. ती माणसं बुधवारीच आली. बुधवारी! पोर येणार रविवारी! सोळा जण! तलास इथून बारा तासांचा रस्ता. मी विहिणीला म्हटलं, ‘विहीणबाई, चार दिवस आधी कशा?’ तर म्हणतात कशा, माझ्याच गादीवर बसून, माझ्याच वाटीतून चहा पीत, ‘अहो आके, दूर असतं तर वेळेवर निघालो असतो. जवळच आहे, म्हटलं आधीच जाऊ!’ तीन दिवसांत अर्धी घोडी संपली. उरलेली पोरीसाठी लपवून ठेवलीय, कुठं ते सांगणार नाही, त्यांतला एक जण त्या कोपऱ्यातून ऐकतोय. मी लाकडांच्या खोलीत झोपतो.

तेव्हा लांब म्हणजे किती लांब, ते मला कळलं. दहा हजार चारशे. पाठ झालं. आता तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला एवढंच सांगा… जवळ म्हणजे किती जवळ?